पुढचा प्रश्न तुमच्या उत्तरातूनच निघतो

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी. या पट्ट्यांत वाहनांचे सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत आणि तिथली क्वालिटी किंवा प्रॉडक्शनच्या जागेची मुलाखत साधारण एकाच वाटेने जाते. आधी एचआरचा फोन येतो. मग काही ठिकाणी छोटी लेखी चाचणी, त्यानंतर खात्याच्या प्रमुखाबरोबर तांत्रिक फेरी, शेवटी पुन्हा एचआर आणि एखाद्या वेळी प्लांट हेड. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी ही वाट पाहिलेल्या आमच्यासारख्यांना एक गोष्ट पक्की दिसते. प्रश्न तेच दहा-बारा असतात. तुमच्या उत्तरातून पुढे काय विचारता येतं, यावर निकाल ठरतो. मुलाखत घेणाऱ्याच्या हातात बायोडेटा असतो आणि डोक्यात दोन-तीन शंका. उत्तरात एखादं मशीन, एखादा आकडा, तुमच्या हातचं काम आलं की तो ते धरून पुढे जातो. काहीच आलं नाही की तो पाठ्यपुस्तकात शिरतो, आणि तिथे त्याचा हात तुमच्यापेक्षा वरचढ असतो.

एचआरचा तो पहिला फोन बरेच जण गप्पांसारखा घेतात. तिकडे समोर तक्ता उघडलेला असतो आणि तुमची उत्तरं रकान्यांत भरली जात असतात: सध्याचा पगार, अपेक्षा, नोटीस पीरियड, राहायला कुठे. लाइनवर आवाज असेल तर सरळ सांगावं, “मॅडम, मी शॉपफ्लोअरवर आहे, दहा मिनिटांत फोन करू का?” यावर कुणी नाराज होत नाही. अर्धवट ऐकून दिलेलं उत्तर मात्र तक्त्यात तसंच राहतं. नोटीस पीरियड नेमणूकपत्रात लिहिलाय तोच सांगायचा. पत्रात ६० दिवस असताना “लगेच जॉइन होतो” म्हटलं की पुढे रिलिव्हिंग लेटरपाशी सगळं अडतं. “६० दिवस आहेत, साहेबांनी मान्य केलं तर ४५ पर्यंत आणता येईल,” एवढं पुरतं.

बायोडेटाची तयारी उलट्या बाजूने करावी लागते. त्यातली प्रत्येक ओळ दोन मिनिटांच्या उलटतपासणीला टिकते का, हे स्वतःच पाहायचं. “एमएसए येतं” (मोजण्याच्या पद्धतीचा अभ्यास) असं लिहिलं असेल तर गेज आर अँड आर, म्हणजे मोजण्याचं साधन आणि मोजणारी माणसं यांमुळे येणारा फरक, किती टक्क्यांपर्यंत चालतो हा प्रश्न येणारच. १० टक्क्यांच्या आत चांगला, १० ते ३० मध्ये कामाचं महत्त्व पाहून, ३० च्या वर नापास. हे आणि तो अभ्यास कोणत्या गेजवर, किती ऑपरेटर घेऊन केला हे सांगता येत नसेल तर ती ओळ काढून टाका. एका दिवसाच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आहे म्हणून लिहिलेला “सिक्स सिग्मा” (दोष कमी करण्याची पद्धत) जेवढी मुलं पाडतो, तेवढी त्याची अनुपस्थिती कुणालाच पाडत नाही. अप्रेंटिसशिप असेल तर ती अप्रेंटिसशिप म्हणूनच लिहावी. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली काढलेलं वर्ष पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीत येत नाही. ते नोकरी म्हणून दाखवलं तर पडताळणीत तारखा जुळत नाहीत, आणि मग खरं सर्टिफिकेट हातात असूनही संशय तुमच्यावर येतो.

“स्वतःबद्दल सांगा.” हा सगळ्यात सोपा प्रश्न आणि सर्वांत जास्त वाया जाणारा. नाव, गाव, वडील शेती करतात, घरी चार माणसं, आवड क्रिकेट, स्वभाव मेहनती. हे सगळं खरं असतं, पण त्यातलं नाव-गाव कागदावर आहेच आणि मेहनती असल्याचं सगळेच म्हणतात. वेळ दीड मिनिट धरा. क्रम असा: आत्ता काय करता, त्यात तुमच्याकडे नेमकं काय आहे, त्याआधी काय शिकलात, इथे का आलात. उदाहरणार्थ: “मी दोन वर्षं सीएनसी मशीन शॉपमध्ये लाइन इन्स्पेक्टर आहे. माझ्याकडे सहा टर्निंग मशीन आहेत, शाफ्ट आणि हबचे भाग निघतात. दर दोन तासांनी पाच नग तपासून चार्ट भरतो, सेटिंग बदललं की पहिला नग मीच पास करतो. डिप्लोमा मेकॅनिकल, २०२२. आता सीएमएमवर काम शिकायचं आहे आणि तुमच्या जाहिरातीत ते काम आहे, म्हणून आलो.” यात विचारण्यासारख्या चार गोष्टी आहेत: सहा मशीन, पाच नग, पहिला नग, सीएमएम (नगाची त्रिमितीय मापं घेणारं यंत्र). पहिल्या तीन तुमच्या रोजच्या हातातल्या. मुलाखत तुमच्या अंगणात आली.

पाठ करू नका, पण मोबाइलवर बोलून ऐका. बहुतेकांचं पहिल्यांदा तीन मिनिटांच्या वर जातं किंवा तीस सेकंदांत संपतं. कागदावर पूर्ण वाक्यं न लिहिता पाच-सहा शब्द लिहायचे आणि त्यांवरून बोलायचं. पाठांतर ओळखायला वेळ लागत नाही: मध्येच प्रश्न आला की बोलणारा अडखळतो आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करतो.

भाषेची धास्ती मराठी माध्यमातल्या मुलांना फार असते, आणि ती गरजेपेक्षा जास्त असते. क्वालिटीच्या माणसाला ग्राहकाला ईमेल आणि रिपोर्ट इंग्रजीत पाठवावे लागतात, म्हणून ते इंग्रजी तपासतात. वक्तृत्व तपासत नाहीत. ओळख आणि सध्याचं काम एवढं इंग्रजीत नीट बसवा. तांत्रिक भाग आला की विचारा, “सर, हे मराठीत किंवा हिंदीत समजावलं तर चालेल?” चाकणच्या प्लांटमध्ये समोरचे साहेब तामिळ किंवा पंजाबीही असू शकतात, तिथे हिंदी उपयोगी पडते. परवानगी न मागता मध्येच भाषा बदलली तर ती पळवाट वाटते. मागून बदलली तर काहीच वाटत नाही.

फ्रेशर असाल तर परीक्षा प्रोजेक्टवर होते. चौघांच्या ग्रुपमध्ये केलेल्या प्रोजेक्टबद्दल सगळे “आम्ही केलं” म्हणतात. समोरचा एकच विचारतो: तू काय केलंस? इथे छोटं पण खरं सांगणं कधीही चांगलं. “शाफ्टचं मटेरियल मी निवडलं, ईएन८ घेतलं. माइल्ड स्टीलपेक्षा ताकद जास्त आणि बाजारात सहज मिळतं. बेअरिंगची जागा मी स्वतः टर्न केली.” मोटर किती एचपीची, ती का घेतली, एकूण खर्च किती आला, काय चाललं नाही, हे चार प्रश्न ठरलेले आहेत. काय चाललं नाही याचं उत्तर नसेल तर प्रोजेक्ट तयार आणला असल्याचा वास लगेच येतो, कारण हाताने बनवलेल्या कुठल्याही यंत्रात काहीतरी चालत नाहीच.

तांत्रिक प्रश्न मुळात साधे असतात. व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्याने वाचता येणारं सगळ्यात लहान माप, किती? ०.०२ मिमी. पण लगेच “कसा?” येतं: मुख्य पट्टीवरचे ४९ मिमी व्हर्नियरच्या ५० भागांत बसवलेले असतात, एक भाग ०.९८ मिमीचा, फरक ०.०२. मायक्रोमीटरचा पिच ०.५ मिमी, थिंबलवर ५० भाग, म्हणून ०.०१. यापुढचा प्रश्न खरा आहे. ड्रॉइंगवर २५ ±०.०२ आहे, कशाने मोजाल? व्हर्नियर म्हणणारे इथेच अडकतात. एकूण सूट ०.०४ मिमी, मोजण्याचं साधन तिच्या दहाव्या भागापर्यंत वाचणारं हवं, म्हणजे ०.००४. तेव्हा ०.००१ वाचणारा डिजिटल मायक्रोमीटर. साधा ०.०१ चा मायक्रोमीटर काम भागवतो, पण सीमेवरच्या नगाचा निर्णय त्यावर देऊ नये. एवढं बोललात की समोरच्याला कळतं की तुम्ही नग हातात घेतलेला आहे. येत नसेल तेव्हा “माहीत नाही, पण ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकवर पाहीन” अशी वाट दाखवून थांबा. अंदाजाने आकडा फेकणं क्वालिटीच्या मुलाखतीत सगळ्यात महाग पडतं, कारण ज्याला नोकरी द्यायची तो उद्या अंदाजाने नगही पास करील, असं समोरच्याच्या मनात येतं.

आता तो प्रश्न, ज्यावर सगळ्यात जास्त वेळ जातो आणि जायलाच हवा: “एखादी अडचण सोडवली असेल तर सांगा.” उत्तराचा सांगाडा असा: काय होत होतं, किती, कारण कसं शोधलं, काय बदललं, नंतर किती झालं, ते टिकलं का. समजा उत्तर असं आहे: “२० एच७ चा बोअर (भोक) लहान यायचा. गो गेज (भोक मापात असेल तर आत जायलाच हवा असा तपासणीचा गेज) आत जायचा नाही. शिफ्टला ५०० नगांत १५ निघायचे. पाहिलं तर इन्सर्ट (कापणारं टोक) झिजेपर्यंत कुणी बदलतच नव्हतं, प्रत्येक ऑपरेटर आपापल्या अंदाजाने बदलायचा. ३०० नगांनंतर माप खाली उतरताना दिसलं, म्हणून मशीनवर २५० ला टूल लाइफ काउंटर लावला, बदलल्यावर पहिला नग तपासायचा नियम केला आणि कंट्रोल प्लॅनमध्ये लिहून घेतला. शिफ्टला चारवर आलं, दोन महिने तसंच राहिलं.”

याला समोरचा कसा भिडेल तेही आधीच तपासून ठेवा. २० एच७ म्हणजे किती? २०.००० ते २०.०२१ मिमी. इन्सर्ट झिजल्यावर बोअर लहान का होतो, मोठा का नाही? कारण टोक मागे सरकतं आणि कमी मटेरियल कापलं जातं; बाहेरच्या व्यासाला उलट, तो मोठा येतो. बोअर लहान असेल तर पुन्हा कापता येतो, मग हे रिजेक्शन कसलं, हे तर रिवर्क? बरोबर, रिवर्कच; १५ नग रिवर्कचे होते असं सुरुवातीलाच म्हणायला हवं. शिफ्टला ५०० नग म्हणता, सायकल टाइम किती? ५० सेकंद असेल तर साडेसात तासांत ५४० निघतात, जुळतं. कुणी ९०० सांगितले असते तर गुणाकारात पकडले गेले असते. खरं काम केलेल्या माणसाला हे प्रश्न आवडतात. ऐकीव सांगणारा तिसऱ्या प्रश्नाला थांबतो. म्हणून सहकाऱ्याने सोडवलेली मोठी अडचण सांगण्यापेक्षा स्वतः सोडवलेली छोटी सांगा.

यालाच जोडून करेक्शन आणि करेक्टिव्ह ॲक्शनमधला फरक विचारतात. आलेले ३०० नग वेगळे काढून तपासले हे करेक्शन. काउंटर लावला ही करेक्टिव्ह ॲक्शन. “ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं” हे कारणाच्या मुळाशी जाणारं उत्तर क्वचितच असतं. ते ऐकून बहुतेक क्वालिटी हेड मान हलवतात आणि गुण कमी करतात. आणखी एक सांभाळायचं: सध्याच्या कंपनीचं ड्रॉइंग, ग्राहकाचं नाव, लाइनचा मोबाइलवरचा फोटो दाखवायचा नाही. पुरावा म्हणून दाखवायचा मोह होतो, पण समोरचा विचार करतो की आमचंही उद्या असंच बाहेर जाईल.

कमतरता विचारली की “मी परफेक्शनिस्ट आहे” हे उत्तर सोडून द्या. खरी, पण त्या कामाच्या गाभ्यातली नसलेली कमतरता घ्या आणि तिच्यावर काय चाललंय ते सांगा: “८डी रिपोर्ट (तक्रारीचं कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारा) लिहायला मला वेळ लागतो, इंग्रजीमुळे. आता जुने पास झालेले रिपोर्ट पाहून स्वतःचा नमुना केलाय, दोन तासांचं काम एका तासावर आलंय.” मोजण्यात चुका होतात असं मात्र क्वालिटीच्या जागेसाठी सांगायचं नसतं. पाच वर्षांनी कुठे असाल याला पदनामापेक्षा कामाचं उत्तर द्या: दोन वर्षांत सीएमएम प्रोग्रॅमिंग आणि पीपीएपीची (नव्या भागाला ग्राहकाची मंजुरी घेण्याची) फाइल स्वतः करता यावी, पुढे एका लाइनची क्वालिटी सांभाळावी. यावर फार वेळ घालवू नका, समोरचेही घालवत नाहीत.

नोकरी का सोडताय? साहेब वाईट, राजकारण आहे, हे खरं असलं तरी इथे उपयोगाचं नाही, कारण समोरच्याला दुसरी बाजू तपासता येत नाही. तपासता येईल असं कारण द्या: तिथे फक्त अंतिम तपासणी आहे, मला सप्लायर क्वालिटीत जायचं आहे, काँट्रॅक्टवर आहे, मुदत संपतेय, प्लांट दुसरीकडे हलतोय. पगारासाठी सोडत असाल तर तसं म्हणायला हरकत नाही, पण त्याच्या जोडीला कामातलं एक कारण हवं. तारखा कधी फिरवू नका. यूएएनच्या (पीएफच्या कायम क्रमांकाच्या) सर्व्हिस हिस्टरीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते, आणि ऑफरच्या आधी ती मागितली जाते.

महाराष्ट्रात एक गॅप इतका नेहमीचा आहे की त्यावर वेगळं बोलायला हवं: एमपीएससीची तयारी. दोन-तीन वर्षं सदाशिव पेठेत किंवा गावी अभ्यासिकेत काढलेली मुलं मुलाखतीत मान खाली घालून बसतात. का? ती वर्षं अभ्यासाची होती, लपवण्यासारखं त्यात काहीच नाही. समोरच्याच्या मनात शंका एकच असते: जाहिरात निघाली की हा पुन्हा जाईल. तेव्हा तिलाच उत्तर द्या. “२०२१ ते २०२३ राज्यसेवेची तयारी केली. एकदा पूर्व परीक्षा पास झालो, मुख्य निघाली नाही. घरी ठरवून थांबलोय, पुढचा फॉर्म भरलेला नाही. गेले चार महिने ड्रॉइंग वाचणं आणि मोजमाप पुन्हा हातात घेतलंय.” फॉर्म भरला असेल तर हे वाक्य म्हणू नका; “नोकरी सांभाळून एक प्रयत्न देणार” हे खरं असेल तर तेच सांगा. खोटं बोलून मिळालेली जागा परीक्षेच्या रजेच्या अर्जापाशी उघडी पडते.

पगाराच्या प्रश्नाआधी एक हिशेब घरी करून जा, कारण सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) आणि हातात येणारा पगार यांतलं अंतर न कळल्यामुळे पहिल्याच महिन्यात मनं मोडतात. सीटीसी ४,२०,००० म्हणजे महिन्याला ३५,०००. मूळ वेतन निम्मं धरलं तर १७,५००. कंपनीचा पीएफचा वाटा सीटीसीतच असतो. १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के म्हणजे १,८००. ग्रॅच्युइटी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे ८४२. कायम नोकरीत ती साधारण पाच वर्षं झाल्यावर हाती येते. उरले ३२,३५८. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की ३०,३५८. (हा कर फेब्रुवारीत ३०० असतो, महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर तो नाही.) आता सीटीसीतले १० टक्के जर वर्षाअखेरच्या कामगिरीवर ठेवलेले असतील तर महिन्याचे आणखी ३,५०० कमी, हातात २६,८५८. कँटीन आणि बस कापत असतील तर त्याहून कमी. म्हणून अपेक्षा सांगताना सीटीसीत सांगा आणि लगेच विचारा, “यात व्हेरिएबल किती आहे?”

आकडा सांगताना टप्पा द्या, पण खालचा आकडा तुम्हाला खरोखर परवडणारा असू द्या. ऑफर बहुतेक तिथेच येते. “कंपनीच्या नियमाप्रमाणे” असं म्हटलं की घासाघीस करण्याची जागाच उरत नाही. सध्याचा पगार वाढवून सांगू नका. शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि बँक स्टेटमेंट मागतातच.

शिफ्टबद्दल जे जमणार नाही ते तिथेच बोला. रात्रपाळी जमत नसताना हो म्हटलं तर रुजू झाल्यावर महिन्याभरात दोन्हीकडून कटकट होते. मुलींना आजही लग्न कधी, घरचे पाठवतील का, असं विचारलं जातं, आणि हे आम्हाला मनापासून खटकतं. भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून मनाई आहे. वाद घालायचा की नाही हे तुमच्या हातात, उत्तर मात्र कामापुरतं ठेवता येतं: “जाहिरातीत दिलेल्या शिफ्ट मला जमतील. बसचा मार्ग आमच्या भागातून जातो का, एवढं सांगा.” घरचा तपशील द्यायला तुम्ही बांधील नाही.

“तुम्हाला काही विचारायचंय?” याला “नाही सर” म्हणू नका. पहिल्या तीन महिन्यांत काम काय असेल, कोणत्या लाइनवर, प्रोबेशन किती. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: पेरोल कंपनीचा की काँट्रॅक्टरचा? गेट तेच, गणवेश तोच, पण पीएफ कोण भरतो, सुट्ट्या कोणत्या, कायम कधी करणार, हे सगळं यावर ठरतं. बाँड असेल तर किती वर्षांचा आणि सोडल्यास किती रक्कम, हे लेखी मागा. मूळ मार्कशीट कुणाकडेही ठेवू नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवून परत घ्या. गणवेश, ट्रेनिंग किंवा गेटपासच्या नावाखाली आधी पैसे मागणारा फोन आला तर ती नोकरी नव्हे, तो फोन बंद करा.

बाहेर पडल्यावर बसमध्ये बसायच्या आधी विचारलेले सगळे प्रश्न आणि आपण सांगितलेले आकडे मोबाइलमध्ये टिपून ठेवा. दुसरी फेरी पंधरा दिवसांनी होऊ शकते, समोर वेगळा माणूस असतो आणि त्याच्यापुढे पहिल्या फेरीच्या नोंदी असतात. तिथे १५ नगांचे २५ झाले तर तो आधी तेवढंच विचारतो.